घरात कुणाला कमी ऐकू येतं का?

दि. ७ मार्च, दुपार

चि. चिमणीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तू, तुझा नवरा आणि आमच्या भाचीबाई मजेत असाल. पत्र लिहिण्यास कारण खरं म्हणजे काहीच नाही. जे आहे ते किरकोळ आहे आणि ओघात येईलच.

वर्कशॉपमधल्या आपल्या मिस्त्रीने तुला कळवलं असेल की ताई 'जरा' दवाखान्यात आहे. लगेच तुझे मेसेज सुरू झाले. काय झालं, कुठे लागलं, कधी लागलं, मला का नाही सांगितलंस. फोन नुसता थरथरत होता. शेवटी मी तो उशीखाली सारला आणि मिस्त्रीला कागद आणायला पिटाळलं. मेसेजवर तू माणसाला श्वास घेऊ देत नाहीस. शिवाय आपल्याला चिठ्ठ्यांची जुनी सवय आहे. एका खोलीत झोपायचो, पण दिवा मालवला की आपलं बोलणं बंद, कारण अंधारात तुला माझे ओठ दिसायचे नाहीत. मग राहिलेलं भांडण तू चिठ्ठीत लिहून माझ्या चपलेत ठेवायचीस. तेव्हा आता निमूटपणे पत्र वाच.

तर झालं असं. गेल्या महिन्यात एका इमारतीच्या टाकीवरचा पंप दुरुस्तीला आला होता. आतला पंखा फुटलेला. मी हात घालून तुकडे काढत होते, तर एक कपची डाव्या तळव्यात घुसली ती थेट मनगटाच्या दिशेने. पकडीने ओढून काढली, समोरच्या बादलीत हात खळबळला, फडकं गुंडाळलं आणि पंप पुरा केला. बादलीतलं पाणी त्याच पंपातून काढलेलं होतं, कित्येक दिवसांचं, बुळबुळीत. हो, कळतंय मला. तू आत्ता कपाळावर हात मारला असशील. मिस्त्रीनेही मारला होता.

जखम वरून भरली, आतून नाही. मनगट सुजलं तर मी लचकलं समजून शेकत बसले. मग एका सकाळी वर्कशॉपमध्ये अशी थंडी भरली की दातावर दात आपटायला लागले. पुढचं मला आठवत नाही. मिस्त्री सांगतो, मी भिंतीला धरून उभी होते आणि "मोटर बंद करा, मोटर बंद करा" म्हणत होते. मोटर बंदच होती.

इथे त्यांनी मनगट उघडून धुतलं. साचलेल्या पाण्यात वाढणारा जंतू आहे, हाडात शिरलाय आणि रक्तातही उतरला होता. भारी चिवट. साध्या गोळ्यांना भीक घालत नाही, म्हणून शिरेतून इंजेक्शन. दोन वेगवेगळी देतात. त्यातलं एक अगदी जपून.

डॉक्टरबाई तरुण आहेत, माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच, पण कामाला पक्क्या. टोचलं आणि झालं, असं त्यांच्याकडे नाही. आधी वजन केलं, कारण डोस वजनावर ठरतो. मग बाटलीतून थेंब थेंब, सावकाश. रक्त काढतात ते दोन गोष्टींसाठी. मूत्रपिंडं नीट चालतायत का आणि आधीच्या डोसचं औषध अंगात साचून तर राहिलं नाही ना. लघवीसुद्धा मापाच्या भांड्यात. मी म्हटलं, "आम्ही पंप चाचणीला लावला की हेच करतो. आत किती गेलं, बाहेर किती आलं." त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला समजावणं सोपं आहे," आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. मला वाटलं होतं हसतील.

पहिल्या दिवशी तर प्रश्नांचा भडिमार. साखर आहे का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, कुठल्या औषधाने अंगावर पुरळ उठलं का, घरात कुणाला हे, घरात कुणाला ते. मी तापाने फणफणलेली. सगळ्याला नाही नाही म्हणून मोकळी झाले.

बाकी सगळं ठीक आहे, एका गोष्टीने मात्र डोकं उठतं. आमच्या खोलीच्या मागेच पाण्याचा पंप आहे आणि त्याचं बेअरिंग गेलंय. चालू झाला की बारीक, उंच किंकाळी मारतो. शेजारच्या खाटेवर निवृत्त शाळाबाई आहेत, त्या पंप सुरू झाला की कानात कापूस कोंबतात. मी वॉर्डातल्या मामांना बजावलं, "आज बेअरिंग बदला, नाहीतर उद्या शाफ्ट जाईल." मामा म्हणतात, "ताई, आधी तुमचं मनगट दुरुस्त होऊ दे. पंपाला काही ताप आलेला नाही."

काळजी करू नकोस आणि धावत येऊ नकोस. भाचीबाईंची परीक्षा आहे. औषध जबर आहे, पण मीही काही लेचीपेची नाही.

तुझी ताई

ता. क. इंजेक्शनचं नाव लांबलचक आहे. लक्षात राहिलं नाही.


दि. ११ मार्च, सकाळ

चिमणे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक पान आणि त्यावर तीन वाक्यं. "पंपाचं पुरे. इंजेक्शनचं नाव लिही. वीस वर्षांपूर्वी बसवलेल्या नटाचं माप तुझ्या लक्षात राहतं."

वाचून मी ते पान उलटं करून उशीखाली सारलं. शाळाबाईंनी विचारलं, "वाईट बातमी का?" मी म्हटलं, "नाही, धाकटी बहीण आहे." त्या म्हणाल्या, "मग बरोबर."

नाव लिहिते. अमिकासिन. नाव वेगळं आहे, पण ते त्याच घराण्यातलं आहे. तुला पहिलीत असताना ताप आला होता आणि गल्लीच्या टोकाचा कंपाउंडर रोज घरी येऊन जे टोचायचा, त्याचंच भावंड. मला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. डॉक्टरबाईंनी नीट सांगितलं होतं की हे औषध जीव वाचवतं, पण मूत्रपिंडाला आणि कानाला जपावं लागतं, म्हणून आम्ही रोज विचारणार. आणि मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला कमी ऐकू येतं का? विशेषतः अशा इंजेक्शननंतर? तुमच्या आईकडच्या कुणाला?"

मी नाही म्हटलं.

तापामुळे म्हटलं, असं मी मागच्या पत्रात तुला भासवलं. ताप होता, पण शुद्ध होती. ते 'नाही' माझ्या तोंडून इतकं सरळ आलं, की ते मी बोलले का आई बोलली, हेच मला कळलं नाही. आपल्या घरात तो शब्द कुणी उच्चारायचा नाही, हा आईचा कायदा. पाहुणे आले की तू तोंड उघडायच्या आत आई सांगून टाकायची, "धाकटी लाजाळू आहे हो, बोलत नाही फार." दुकानदाराला तेच, शिक्षकांना तेच. मी तिचं ऐकून तेच सांगायला लागले. आई जाऊन इतकी वर्षं झाली, तू संसाराला लागलीस, आणि अजून वर्कशॉपमध्ये कुणी विचारलं की मी म्हणते, "बहीण ना? आहे, लाजाळू आहे जरा." जीभ आपोआप तिकडेच वळते.

तर रोज सकाळी नर्सबाई विचारतात, "कान वाजतात का? चक्कर? काही भरल्यासारखं वाटतं?" मी म्हणते नाही. परवापासून उजव्या कानात बारीक शीळ वाजते. कालपासून दोन्ही कानांत. आता तुझ्यापासून काय लपवायचं, मी भ्याले. आधी वाटलं, हे सांगितलं तर इंजेक्शन बंद करतील, जंतू पुन्हा उसळेल आणि मनगट कापून टाकतील. एका हाताने पंप कसा उघडायचा? मग वाटलं, अशक्तपणाची शीळ असेल, जेवले की जाईल. मूत्रपिंडांचे आकडे चांगले येतायत, औषधही अंगात साचत नाहीये, मग कानाचं काय घेऊन बसायचं? माझी मी समजूत घालत राहिले.

आणि एक चांगली गोष्ट पण झाली आहे. माझ्या बडबडीला यश आलं. त्यांनी पंप दुरुस्त केला. कालपासून किंकाळी बंद आहे. आत्तासुद्धा चालू आहे, खालची घरघर मला पलंगातून जाणवते, पण वरचा तो कर्कश सूर गेला. मामा कबूल करणार नाहीत, पण बेअरिंग बदललेलं दिसतंय.

थांब.

शाळाबाई कानात कापूस घालतायत.

चिमणे, थांब जरा. येतेच.

आले. काय केलं ते सांगते. मी बाईंना विचारलं, "पंप दुरुस्त झाला ना? मग कापूस कशाला?" त्या म्हणाल्या, "दुरुस्त? अहो, आज तर कालच्यापेक्षा जास्त कोकलतोय. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

मी जेवणाचा चमचा घेतला आणि मोरीत गेले. तिथे पंपाचा नळ भिंतीवरून खाली उतरतो. आम्ही बेअरिंग बघताना पान्ह्याचं एक टोक पंपावर ठेवतो आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावतो. तसा चमचा लावला. घरघर आली, ठोके आले, पाणी चढताना येतो तो आवाजही आला. किंकाळी नाही. चमचा दुसऱ्या कानामागे लावला. नाही. बाईंना हाक मारून विचारलं, "आत्ता वाजतोय?" त्या दारातूनच म्हणाल्या, "वाजतोय! बंद करा दार!"

बेअरिंग कुणी बदललेलं नाही. आयुष्यभर लोकांच्या मशिनींना नावं ठेवली आणि स्वतःचा बिघाड त्यांच्या पंपावर ढकलून बसले होते.

बाजूच्या खोलीत नर्सबाईंची गाडी वाजतेय. आता इथे बाटली लावायला येतील. हे पत्र इथेच ठेवते. आधी बोलून येते.


दि. १३ मार्च, दुपार

पत्र अर्धवट राहिलं ते आज पुढे.

नर्सबाई आल्या. बाटली टांगली, नळी जोडली, आणि नेहमीसारखं विचारलं, "कान वाजतात का?"

मी म्हटलं, "वाजतात. नळी काढा. हे सुरू करू नका. डॉक्टरबाईंना बोलवा."

त्या म्हणाल्या, "कधीपासून?"

"परवापासून. आणि मी तुमच्याशी खोटं बोलले. तेही सांगा त्यांना."

नर्सबाईंनी एक शब्द वावगा काढला नाही. चिमटा लावून नळी बंद केली, बाटली उतरवली, आणि अशा चालीने गेल्या की मला त्यांची चप्पल वाजलेली स्पष्ट ऐकू आली. तेवढ्यानेसुद्धा मला केवढं बरं वाटलं.

डॉक्टरबाई आल्या, खाटेवरच बसल्या. मी शीळ सांगितली, पंप सांगितला, चमचा सांगितला. त्या सगळं लिहून घेत होत्या. मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, "घरात कुणाला कमी ऐकू येतं का?"

आणि माझी जीभ बघ कशी आहे. इतकं सगळं ठरवून बसले होते आणि तोंडातून काय आलं? "धाकटी बहीण आहे. ती जरा लाजाळू आहे."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

मग मी मोठ्याने म्हटलं, "बहिरी आहे. ठार बहिरी. लहानपणी तापात इंजेक्शनं दिली आणि ताप उतरला तेव्हा तिला ऐकू येत नव्हतं. आम्ही कधीच कुणाला सांगितलं नाही."

शाळाबाईंनी कानातला कापूस काढला होता. मला वाटलं होतं, हे बोलल्यावर काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. मामा कोपऱ्यात पाण्याचे तांबे भरत होते, ते भरत राहिले.

डॉक्टरबाई चिडल्या, खोटं कशाला सांगू. म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर हे औषध मी तुम्हाला दिलंच नसतं. आम्ही रक्तातलं बघू शकतो. घरातलं तुम्ही सांगितल्याशिवाय कसं दिसणार?" मी खाली मान घालून ऐकलं. त्यांचं चुकत नव्हतं. मग त्यांनी समजावलं. काही घराण्यांत शरीराची घडणच अशी असते की हे औषध अगदी मापात दिलं, रक्तात जराही साचलं नाही, तरी कान जातात. ही घडण आईकडून येते, तिच्या सगळ्या लेकरांना. मुलग्यांकडून पुढे जात नाही, मुलींकडून जाते. आपली तशीच असावी असं त्यांना वाटतं. खात्रीसाठी रक्त पाठवलंय.

मी विचारलं, "आता हाताचं काय?" हाच प्रश्न दोन दिवस माझ्या घशात अडकला होता. त्या म्हणाल्या, "जंतूला कोणकोणती औषधं लागू पडतात ते तपासून आलंय. तुमचं दुसरं इंजेक्शन चालू आहे, ते लागू पडतंय. त्याच्या जोडीला कानाला धोका नसलेलं वेगळं देऊ. हात वाचवायला कान द्यावा लागणार नव्हता. विचारायला हवं होतं तुम्ही." बघ, एवढंच होतं. मी मनातल्या मनात स्वतःचा हात कापून मोकळी झाले होते.

नवीन औषध सुरू करण्याआधी पुन्हा प्रश्न. या खेपेला मी काही ठेवलं नाही. कुठल्या औषधाने पुरळ, कशाने उलटी, लहानपणी कोणत्या गोळीने ओठ सुजले, आत्याला काय झालं होतं, सगळं सांगितलं. शेवटी डॉक्टरबाईच म्हणाल्या, "आत्याचं लग्न कसं मोडलं ते नाही सांगितलंत तरी चालेल." तेव्हा कुठे त्या हसल्या.

काल कानाची तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर टोप्या लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. खालचे आणि मधले सूर ठीक आहेत. माणसांचं बोलणं ऐकू येतं, मिस्त्रीचं रडगाणंही येतं. वरचे सूर दोन्ही कानांतून गेले. ते परत येतील असं कुणी म्हणत नाही. औषध अंगातून गेल्यावरही आणखी थोडं उतरू शकतं, म्हणून पुन्हा पुन्हा तपासणार आहेत. मी विचारलं, "सगळंच गेलं तर?" तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "ते झालं तर आपण तेव्हा बघू, आणि आपण म्हणजे मीसुद्धा." मला त्यांचं ते बोलणं आवडलं.

काचेच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी रडले. बेअरिंग पहिल्यांदा बिघडतं तेव्हा ते त्या वरच्या सुरातच बोलतं. बाबांनी मला तेच ऐकायला शिकवलं होतं. ते गेलं, त्याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतंय. पण ताप नाही, मनगटाची सूज उतरतेय, बोटं मिटता येतात. इंजेक्शनं अजून बरेच आठवडे घ्यायची आहेत आणि मी ती शेवटच्या थेंबापर्यंत घेणार. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडून घरी पळणार नाही, तसं मी मिस्त्रीला सांगून टाकलं आहे. त्याने वर्कशॉपच्या दारावर पाटी लावली म्हणे: 'मालकीणबाई दुरुस्तीत आहेत.'

आता तुझी कामं.

पहिलं, भाचीबाईंना डॉक्टरांकडे घेऊन जा आणि हे सगळं सांग. तिला आपल्याच आईची घडण मिळाली असणार, तुझ्याकडून. तिला कधी मोठा ताप आला, तर हे औषध टाळायचं, हे तिच्या कागदांवर ठळक लिहून घे. आणि तिलाही पाठ करायला लाव, स्वतःच्या तोंडाने सांगता आलं पाहिजे. आपल्या घरातला लाजाळूपणा तिच्यापर्यंत पोचता कामा नये. या विचाराने काल मला झोप लागली नाही. मी गप्प राहिले असते तर ते लेकरू उद्या कुठल्या तरी खाटेवर पडून असंच 'नाही' म्हणालं असतं.

दुसरं आईबद्दल. तुला माहीत आहे ना, कंपाउंडरला बोलावून आणलं ते तिने. म्हणून ती शेवटपर्यंत स्वतःला खात राहिली, आणि म्हणून तो शब्द नको होता तिला. तुझी लाज नव्हती गं, तिला स्वतःचंच तोंड बघवत नव्हतं. मी डॉक्टरबाईंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या तापात त्याच इंजेक्शनने तुझा जीव वाचला असेल, आणि त्या काळी कान तपासायला कुणी नव्हतं. आईला हे कुणी सांगितलं असतं तर! म्हणून मी तुला सांगतेय. तू तिच्यावर रागावली होतीस, ते बरोबरच होतं. पण थोडा राग आता सोड.

तिसरं काम माझं आहे आणि ते तू शिकवायचं. लहानपणी बाबा पंप चाचणीला लावायचे तेव्हा तू दोन्ही तळवे त्यावर ठेवून डोळे मिटायचीस, आणि पंप बिघडलेला असला की नाक मुरडायचीस. मला तेव्हा वाटायचं तू नुसती खेळतेस. मी इथून सुटले की तुझ्याकडे येणार आहे. उजवा तळवा शाबूत आहे. तो कुठे ठेवायचा आणि काय ओळखायचं ते सांग. मी शिकायला तयार आहे, मात्र ओरडायचं नाही.

एक गोष्ट राहिली. तू आठेक वर्षांची असताना माझ्या चपलेत एक चिठ्ठी ठेवली होतीस. त्यात एवढंच होतं, "ताई, मी लाजाळू नाही." मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. काय लिहावं ते सुचलं नाही, मग राहूनच गेलं.

काल डॉक्टरबाईंनी माझ्या खाटेच्या पाटीवर लाल शाईत लिहिलं, हे औषध देऊ नये, सख्खी बहीण या औषधाने बहिरी. येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचतो. मामांनी वाचलं, शाळाबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "कशी आहे हो तुमची बहीण?" मी म्हटलं, "बडबडी आहे. पत्रात तर ऐकतच नाही कुणाचं."

उत्तराला उशीर झाला. माफ कर.

लाजाळू नसलेल्या, बहिऱ्या चिमणीची
थोरली बहीण,
ताई